दही म्हणून खाल्ले, निघाली मिठाई : कमी साखरेचे मिष्टी दोई घरच्या घरी

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही विहाराच्या हॉलमध्ये शुगर-बीपी तपासायला बसतो. मागच्या खेपेला एक ताई आल्या. वय पन्नाशीच्या आत. चार घरची धुणीभांडी करतात. दीड वर्षापासून शुगरच्या गोळ्या चालू आहेत आणि त्या गोळ्या चुकवत नाहीत. तरी जेवणानंतर दोन तासांची शुगर निघाली २८६.

"ताई, गोड काय काय खाता?" आम्ही विचारले.

"काहीच नाही सिस्टर. चहासुद्धा बिनसाखरेचा. पेढा नाही, जिलबी नाही, लग्नातला गुलाबजाम मी ताटातून बाजूला काढते."

सोबत आलेली मुलगी तेवढ्यात म्हणाली, "आई, आणि ते दह्याचे कप?"

कोपऱ्यावरच्या दुकानात फ्रिजमध्ये तांबूस रंगाच्या दह्याचे छोटे कप ठेवलेले असतात. त्यावर मिष्टी दोई असे लिहिलेले असते. दुपारी कामावरून येताना ताई एक कप घेत, उन्हाळ्यात कधी दोन. "पोटाला थंड पडतं. आणि दहीच तर आहे. दह्यानं कुठं शुगर वाढते?" ताई खोटे बोलत नव्हत्या. दह्याने शुगर फारशी वाढत नाही हे त्यांना आम्हीच सांगितले होते. कोणते दही, एवढेच सांगायचे राहून गेले होते. ती चूक आमची, म्हणून या महिन्याचे पान या दह्यासाठी.

मिष्टी म्हणजे गोड, दोई म्हणजे दही. बंगालमध्ये दह्याच्या दोन जाती मानतात. एक टोक दोई, म्हणजे आपले साधे आंबट दही. ते रोजच्या जेवणात असते, माशाच्या रश्श्यात पडते, त्याचे ताक होते. दुसरे मिष्टी दोई. ते मिठाईच्या दुकानात रसगुल्ला आणि संदेशच्या शेजारी मातीच्या मोठ्या हंडीत असते आणि किलोवर विकले जाते. लग्नाच्या पंगतीत ते शेवटी येते. पाहुणा घरी येताना त्याची हंडी घेऊन येतो. वरचा सायीचा जाड थर कोणाच्या वाट्याला येणार यावरून घरात भांडणे होतात. बंगालमधल्या नवद्वीपचे लाल दही नावाजलेले आहे. बांगलादेशातल्या बोगुरा जिल्ह्याच्या दह्याला तर २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जसे आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला आहे. म्हणजे ज्यांचा हा पदार्थ आहे ते लोक त्याला मिठाई समजूनच खातात. आपल्याकडे तो प्लास्टिकच्या कपात आला आणि दह्यांच्या रांगेत जाऊन बसला, म्हणून घोटाळा झाला.

हे दही गोड कसे होते ते पाहू. आधी दूध मंद आचेवर आटवतात. दुधात स्वतःची साखर असतेच, लिटरमागे ४५ ते ५० ग्रॅम. दूध आटले की पाणी जाते, ही साखर मात्र भांड्यातच राहते, म्हणून आटवलेले दूध काही न घालताही गोडसर लागते. तासन्‌तास आटवले तर दुधातली साखर आणि प्रथिने एकमेकांवर तापून रंग लालसर होतो. नवद्वीपच्या दह्याचा लाल रंग असा आटवण्यातून येतो. बऱ्याच घरांत वेळ वाचवायला थोडी साखर कोरडीच कढईत वितळवून तांबूस करतात आणि दुधात घालतात. हॉटेलवाले त्याला कॅरॅमल म्हणतात. मग वरून आणखी साखर, किंवा थंडीच्या दिवसांत खजुराचा नवा गूळ. शेवटी विरजण लावून मातीच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवायचे.

एक लिटर दुधाला दीडशे ग्रॅम साखर हे घरगुती प्रमाण सर्रास सांगितले जाते. त्याची शंभर ग्रॅमच्या आसपासची आठ बोळकी होतात. म्हणजे एका बोळक्यात जवळजवळ १९ ग्रॅम, चहाचे पावणेचार चमचे साखर, तीही दुधाची स्वतःची साखर सोडून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली ठेवावी आणि जमल्यास २५ ग्रॅमपर्यंत आणावी. एका बोळक्यातच त्या पंचविसातले एकोणीस संपले. आणि हे शुगर नसलेल्या माणसाचे गणित झाले.

घाईघाईने करण्याची एक पद्धत निघाली आहे. टांगून पाणी काढलेल्या दह्यात गोड कंडेन्स्ड मिल्कचा डबा ओतायचा आणि वाफवायचे. चव चांगली लागते यात वाद नाही. पण चारशे ग्रॅमच्या त्या डब्यात दुधातली धरून २०० ग्रॅमच्या वर साखर असते. घरी केले म्हणजे आरोग्याला चांगले, असे नसते. डब्यातली साखर आपल्या स्वयंपाकघरात आली एवढेच.

आम्हाला ही गोष्ट नीट शिकवली ती गडचिरोली जिल्ह्यातल्या एका बंगाली मावशीने. चामोर्शी आणि मुलचेरा भागात १९६०च्या दशकापासून पूर्व पाकिस्तानातून आलेली निर्वासित बंगाली कुटुंबे वसवलेली आहेत. आज त्यांची नातवंडे आपल्यासारखीच मराठी बोलतात. काही वर्षांपूर्वी त्या भागात आम्ही तपासणीला गेलो होतो. मावशीला स्वतःला शुगर होती आणि घरात दोई होत होते. आम्ही डोळे वटारले तर म्हणाली, "आमच्या घरी एवढंसंच गोड करतात. दुकानवाला जास्त घालतो, टिकायला पाहिजे ना त्याला." तिची पद्धत आम्ही वस्तीतल्या बायकांबरोबर करून पाहिली. दोनदा फसलो. का फसलो ते पुढे सांगतो, कारण तुम्हीही तिथेच फसाल.

साहित्य फार नाही. थैलीतले एक लिटर टोन्ड दूध, तीन मोठे चमचे बिनसाखरेची दूध पावडर, ६० ग्रॅम म्हणजे चहाचे बारा सपाट चमचे साखर आणि दीड चमचा ताजे, आंबट नसलेले दही विरजणाला. दूध पावडर घेताना पाकीट वाचा. चहासाठी जी डेअरी व्हाइटनर नावाची पावडर मिळते तिच्यात बहुधा साखर घातलेली असते, ती चालणार नाही. पावडर कशाला, असे विचाराल. दूध निम्मे होईपर्यंत आटवायचे म्हणजे गॅस जळतो, आणि सिलिंडर किती दिवस पुरवायचा याचा हिशेब प्रत्येक घरात असतो. पावडरीने दूध घट्ट होते, प्रथिने वाढतात आणि आटवणे दहा-बारा मिनिटांवर येते. मावशी पावडर घालत नव्हती, तिची चूल होती.

फुल क्रीम दूध घेऊ की टोन्ड? फुल क्रीममध्ये लिटरला साधारण ६० ग्रॅम स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३०. हृदयाचा आजार असेल, वजन वाढलेले असेल तर टोन्ड घ्या. घरात हडकुळी, वाढीची मुले असतील तर फुल क्रीमला आमची हरकत नाही. आमचे मत विचाराल तर आधी साखर कमी करा, सायीचे नंतर बघू. साय थोडी असली की कमी गोड दहीही भरल्या चवीचे लागते. साय आणि साखर दोन्ही एकदम काढली की घरचे लोक वाटी बाजूला सारतात आणि कोपऱ्यावरून कप आणतात.

पावडर गार दुधातच घोटून घ्या, गरम दुधात गुठळ्या होतात. दूध उकळी येऊ द्या, मग मंद आचेवर दहा-बारा मिनिटे ढवळत ठेवा. दुसऱ्या बाजूला जाड बुडाच्या कढईत आठ चमचे साखर आणि एक चमचा पाणी. ढवळू नका, कढईच हलवा. साखर वितळेल, मधासारखी होईल, मग तांब्याच्या रंगावर येईल. तिथेच गॅस बंद करा. त्यापुढे दोन क्षण गेले की ती काळी आणि कडू होते. आता एक पळी गरम दूध सावकाश ओता. ते जोरात फसफसते. साखर आधी कडक होईल, घाबरू नका, मंद आचेवर विरघळते. हे सगळे दुधात मिसळा आणि उरलेली चार चमचे साखर घाला.

इथे नर्स म्हणून एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटून बसते. खोली एकच, गॅस खाली जमिनीवर आणि भोवती मुले, अशा घरात हे काम मुले शाळेत गेल्यावर करा. तरी भाजलेच तर ताबडतोब साधे गार पाणी, वीस मिनिटे. नळाला पाणी नसेल तर बादलीतले तांब्याने ओतत राहा. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, बर्फही नाही. फोड फोडू नका, आणि जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर दवाखाना गाठा.

साखर जाळण्याचा उपयोग काय? जाळल्यावर साखरेचा गोडवा खरे तर थोडा कमीच होतो, पण वास आणि खमंगपणा येतो. मिष्टी दोईची ओळख त्या खमंगपणात आहे. म्हणून साठ ग्रॅमचे दहीही खाणाऱ्याला मिष्टी दोईच वाटते. नुसती साठ ग्रॅम पांढरी साखर घातली तर ते फिक्के गोड दही लागेल.

दूध आता कोमट होऊ द्या. स्वच्छ बोट बुडवून दहा मोजेपर्यंत सोसवले पाहिजे, आंघोळीच्या कढत पाण्याइतके. थर्मामीटर असलाच तर ४० ते ४३ अंश. ताप मोजायचा थर्मामीटर मात्र दुधात घालू नका. एका घरी पाऱ्याचा जुना थर्मामीटर बुडवलेला आम्ही पाहिला आहे. तो फुटला असता तर सगळे दूध फेकावे लागले असते. विरजणाचे दही घोटून थोड्या दुधात पातळ करा आणि सगळ्या दुधात हलक्या हाताने मिसळा. दूध जास्त गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात, गार असेल तर नुसते पडून राहतात.

भांडे मातीचेच का, तर माती दह्यातले पाणी शोषते, म्हणून दही घट्ट लागते. भांड्याच्या अंगातून पाणी उडत राहते, त्यामुळे ते गारही राहते. कुंभाराकडून साधी बोळकी आणा. रंगवलेली, चकचकीत रोगण दिलेली नकोत, रंगात शिसे असू शकते. आणल्यावर चार-पाच तास स्वच्छ पाण्यात भिजवून उन्हात वाळवा. कोलकात्यात मातीचा भांडा एकदा वापरून फेकतात. ते उधळेपणाचे वाटते, पण त्यात शहाणपण आहे. मातीच्या छिद्रांत दूध मुरते आणि घासून निघत नाही. पुन्हा वापरायचेच असेल तर पाण्यात चांगले उकळून कडक वाळवा. आंबूस वास आला की तुळशीला नाहीतर मोगऱ्याला कुंडी म्हणून द्या. मातीचे नसेल तर स्टीलच्या वाट्या चालतात, दही थोडे सैल लागेल.

आता आमची फजिती. पहिल्या वेळी आम्ही रीतीप्रमाणे दही रात्रभर ठेवले. सकाळी दही लागले होते, पण आंबट. बायकांनी तोंडे वाकडी केली आणि एक आजी म्हणाली, "साखर खाऊन टाकली वाटतं सिस्टरनं." दुसऱ्या वेळी तेच. मग लक्षात आले. साखर जास्त असली की ती पाणी धरून ठेवते आणि जिवाणूंची वाढ मंदावते. मोरंबा महिनोन्‌महिने टिकतो तो याच कारणाने. दीडशे ग्रॅमचे दही लागायला म्हणून सारी रात्र लागते. साठ ग्रॅमच्या दह्यात जिवाणू मोकळे असतात, ते लवकर लागते आणि तसेच ठेवले तर लवकर आंबते. आंबटपणा चढला की पाहिजे तेवढी साखर घाला, पुरत नाही. कमी साखरेचे दही करणारे बहुतेक जण इथे हरतात आणि दोष साखरेला देतात.

म्हणून रात्री लावू नका. सकाळी लावा आणि लक्ष ठेवा. वैशाखातल्या आपल्या पत्र्याच्या खोलीत तीन-चार तास पुष्कळ झाले. थंडीत सहा ते आठ तास, आणि तेव्हा बोळकी जुन्या गोधडीत गुंडाळून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवा. बोळके अलगद तिरके करून पाहा. दही एकसंध हलले, कडेने सुटले, की झाले. लगेच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर परातीत पाणी घेऊन त्यात बोळकी ठेवा, वर ओले फडके टाका आणि त्याच दिवशी संपवा. मधेच ढवळायचे नाही, चाखायचेही नाही. एकदा मोडलेले दही पुन्हा बसत नाही.

घरच्यांच्या जिभेला सवय लागायला वेळ द्या. पहिल्यांदा शंभर ग्रॅम साखर, पुढच्या वेळी ऐंशी, मग साठ. आमच्या गटातल्या दोन घरांनी चाळीसपर्यंत आणली, पण तिथे आम्हालाही ते फिके लागले. शुगर-फ्रीच्या गोळ्या घालू का, असे काही जणी विचारतात. त्या जाळल्याने खमंगपणा येत नाही आणि जिभेची गोडाची हाव तशीच राहते. आम्ही घालत नाही.

आता गूळ. "सिस्टर, गुळाचं केलं तर चालतं ना?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. बंगालात थंडीच्या दिवसांत नोलेन गूळ येतो. शिंदीच्या जातीच्या खजुराच्या झाडाला खाच देऊन रात्रभर रस मडक्यात धरतात आणि सकाळी आटवतात. त्याचा वास इतका छान असतो की त्या दिवसांत साखरेचे दोई कोणी विचारत नाही. हा रस कच्चा पिणे मात्र धोक्याचे आहे. रात्री वटवाघळे त्या मडक्यांना तोंड लावतात आणि बांगलादेशात निपाह विषाणूची लागण त्यातून झाल्याचे सिद्ध झाले आहे. आटवून गूळ केला की तो धोका उरत नाही.

चवीसाठी गूळ जरूर घाला, आपला उसाचाही चालतो. गरम दुधात घातला तर दूध फाटते, म्हणून थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, दूध कोमट झाल्यावर घाला. पण शुगरच्या माणसासाठी गूळ आणि साखर यांत फरक नाही. रक्तात गेल्यावर दोन्हींची साखरच होते. गुळात लोह असते हे खरे. पण एका बोळक्यात जाणाऱ्या चमचा-दीड चमचा गुळाने रक्त वाढत नाही. त्याला पालेभाजी, कडधान्य, मटण-कलेजी आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या लागतात. "गुळाचं आहे" म्हणून दोन बोळकी खाणारा माणूस साखरेचे एक खाणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करून घेतो.

साठ ग्रॅमच्या हिशेबाने आमच्या एका बोळक्यात दीड चमचा साखर येते. शुगर असलेल्यांनी अर्धे बोळके, तेही कधीमधी आणि जेवणानंतर. रिकाम्या पोटी नाही, भातावर भात झाल्यावरही नाही. त्या दिवशी पोळी किंवा भात थोडा कमी घ्या. घरी किंवा शेजारी शुगर मोजायचे यंत्र असेल तर दोन तासांनी मोजून पाहा. तुमचे शरीर काय सांगते ते आमच्या पानापेक्षा खरे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. दोन वर्षांखालच्या बाळाला हे देऊच नका, त्याला साधे दही-भात पुरे. गोडाची चटक तिथूनच लागते. दूध पचत नाही, पोट फुगते असे म्हणणाऱ्यांना मात्र दही बहुधा सोसते, कारण दुधातली थोडी साखर जिवाणूंनी आधीच खाल्लेली असते.

दुकानातला कप घ्यायचाच असेल तर मागची बारीक अक्षरे वाचा किंवा शाळेतल्या पोराला वाचायला लावा. अ‍ॅडेड शुगर अशी ओळ असते आणि ती बहुधा शंभर ग्रॅममागे असते. त्या आकड्याला पाचने भागा, तितके चमचे साखर. समजा १५ लिहिले असेल तर तीन चमचे. कप किती ग्रॅमचा आहे तेही बघा.

त्या ताईंना आम्ही कप सोडा असे नुसते सांगितले नाही, कारण दुपारच्या उन्हात चार घरे करून आलेल्या बाईला काहीतरी गार लागतेच. त्या आता घरच्या साध्या दह्याचे ताक बाटलीत भरून नेतात आणि रविवारी मुलगी बोळकी लावते, त्यातले अर्धे खातात. या रविवारी त्यांची शुगर होती १९४. अजून उतरायला हवी. गोळ्यांचे डॉक्टर बघतील, डोळे आणि पाय तपासायला आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेणार आहोत.

आणि लक्ष चुकून दही आंबलेच तर फेकू नका. बंगाली घरांत त्याचे घोल करतात. दह्यात दुप्पट गार पाणी, चिमूटभर मीठ, थोडे लिंबू, रवीने घुसळायचे. आम्ही त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतो. पहिल्या दोन फसलेल्या वेळची सोळा बोळकी अशीच संपली.